शाळेची वाट आणि सायकल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



वाचन, लेखन व गणित या विषयांवर आपण नेहमीच विचारविनिमय करतो. आज मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो तो त्यांच्या मानाने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. सायकलीवरून शाळेत येणारी मुले आणि त्यांची वाट, हा तो विषय होय. मूल वर्गात येऊन बसल्यावर त्याच्याकडे कसे लक्ष द्यावे, हे आपणांस पुष्कळ शिकविले गेले आहे. परंतु ते तेथवर कोणत्या वाटेने येते, याची विचारपूस आपल्या हातून क्वचितच होते.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांचा हा प्रदेश धानाच्या बांध्यांचा, तलाव-बोड्यांचा आणि जंगलाचा आहे. गावे लहान व विखुरलेली असून दोन गावांमध्ये कोठे नाला, कोठे जंगलाचा पट्टा आडवा येतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावयास हवी. लहान मूल ही वाट पायी चालू शकते. परंतु गावातील शाळा चौथीस अथवा सातवीस संपली, की पुढील शिक्षणासाठी मोठ्या गावाला जावे लागते. तेथे सायकल नसेल तर पुष्कळदा शिक्षणच थांबते, आणि प्रथम थांबते ते मुलीचे.

हा केवळ तर्क नव्हे. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्क्यांची वाढ झाल्याचे दिसून आले. आणि ज्या गावांपासून शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तेथे हा लाभ विशेष होता. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील गरजू मुलींना आठवीपासून सायकली देण्यात आल्या आहेत. सायकल हाती आली, हे चांगलेच झाले. परंतु ती चालविण्याची वाट निर्धोक करणे, हे काम कोणत्याही योजनेतून वाटता येत नाही. ते गावाला व शाळेला मिळूनच करावे लागते.

या वाटेवरील धोके ऋतूप्रमाणे बदलतात. रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरी रस्त्यावर येतो आणि त्यावर पाऊस पडला की सायकलीचे चाक हमखास घसरते. कापणी झाल्यावर रस्त्यावरच धान वाळत घातलेले असते. त्याच्या कडेला राखणीसाठी दगड ठेवतात आणि ते दगड तिन्हीसांजेला दिसत नाहीत. तणसाने भरलेली बंडी अर्धा रस्ता व्यापून जाते व तिच्या मागून येणाऱ्या मुलास समोरचे काहीच दिसत नाही. पौष-माघातील सकाळी धुके असते. मोहफुले गळू लागली म्हणजे पहाटे माणसांप्रमाणेच अस्वलेही झाडांखाली येतात. २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांतील पालकांना तर मूल अंधार पडण्याच्या आत घरी आले की नाही, ही काळजी रोजचीच आहे. अशा वाटेवर एकट्याने न जाता तीन-चार जणांनी मिळून जावे, बोलत व घंटी वाजवीत जावे, आणि शाळेनेही त्या मुलांना सायंकाळी उगाच थांबवून ठेवू नये.

परंतु या सर्व धोक्यांत मला सर्वांत भयंकर वाटतो तो नाल्यावरचा रपटा. पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहू लागले, की रपट्याची कड दिसेनाशी होते. मधला एखादा भाग खचून वाहून गेला असला तरी वरून समजत नाही. वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याइतके असले तरी मोठ्या माणसाचा पाय उचलते. मग दप्तर पाठीवर घेऊन सायकल ढकलणाऱ्या मुलाची काय कथा! चाकांवर व मुलाच्या पायांवर पाण्याचा रेटा एकदम येतो, आणि सायकल वाचविण्याच्या नादात मूल ती सोडीत नाही.

येथे आपला संबंध येतो. मूल असे धाडस का करते? कधी अल्लडपणाने करते, हे खरे. पण कधी उशीर झाल्यास वर्गाबाहेर उभे राहावे लागेल म्हणून, तर कधी पूर्ण उपस्थितीचे बक्षीस हुकेल म्हणूनही करते. वर्गातील हजेरीचा धाक असा दोन कोस दूरच्या रपट्यावर जाऊन मुलाच्या पाठीशी उभा राहतो. म्हणून माझी आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे की, पावसाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे : रपट्यावरून पाणी वाहत असेल तर शाळेत येऊ नये, त्या दिवशी न येणे हा अपराध नाही, आणि त्याबद्दल कोणीही रागावणार नाही. हे एकदा सांगून भागत नाही. ढग भरून आले की पुन्हा सांगावे. बक्षीस द्यावयाचे असेल तर असे दिवस वगळून द्यावे. शाळा सुटल्यावर नाला चढला तर मुलांनी शाळेच्या बाजूच्या काठावर कोणाच्या घरी थांबावे, हे त्या घरच्या माणसांशी बोलून आधीच ठरवावे व पालकांचे दूरध्वनी क्रमांक तेथे लिहून ठेवावेत. आपल्या खेड्यातील माणूस दारी आलेल्या मुलाला परत पाठवीत नाही. केवळ त्याला आधी सांगून ठेवावे लागते.

दुसरा धोका मोठ्या वाहनांचा. जुना ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सडक अर्जुनी व देवरी या तालुक्यांतून जातो. महामार्ग ओलांडताना मुलांनी सायकलीवरून उतरावे, दोन्ही बाजूंस पाहावे आणि सायकल हातात धरून चालत जावे. चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने चालावे. सायकल मात्र डाव्या बाजूनेच चालवावी, हा भेद पुष्कळ मुलांना ठाऊक नसतो. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. एके काळी खेड्यातील गुरुजी स्वतः सायकलीवरून येत. आज आपणांपैकी बहुतेकांजवळ मोटारसायकल आहे. मुलांच्या शेजारून जाताना वेग कमी करावा, कानाशी जोराने भोंगा वाजवू नये, डबक्यातील पाणी अंगावर उडवू नये, समोरून सायकल येत असता दिवा खाली करावा. वर्गात सांगितलेल्या सुरक्षिततेपेक्षा रस्त्यावर दिसलेले हे वर्तन मुले अधिक लवकर शिकतात.

सायकलीची निगा हा तर प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय आहे. आठवड्यातून एकदा पुढील व मागील ब्रेक, हवा, चेन आणि घंटी तपासावी. रिमवर पाणी असताना ब्रेक नीट धरत नाही. म्हणून पावसात आधी हलकेच दाबून रिम कोरडी करावी व मग दाब वाढवावा. केवळ पुढील ब्रेक एकदम दाबल्यास मागील चाक उचलले जाण्याचा संभव असतो. ओढणी खोचून घ्यावी, पिशवी हँडलला लोंबकळत ठेवू नये आणि मागे तांबडी चमकपट्टी लावावी. बाभळीचा काटा रुतून पंक्चर झाले, तर ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे कोठून निघतात ते पाहणे, हा विज्ञानाचाच पाठ आहे. हवेच्या टायरची जन्मकथाही मुलांना सांगण्याजोगी आहे. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून हवा भरलेली नळी चाकांवर चढविली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले.

बंधुभगिनींनो, ही वाट केवळ धोक्यांचीच असती तर एवढी मुले तिच्यावरून रोज आलीच नसती. पंक्चर झालेल्या मुलाबरोबर स्वतःची सायकल हातात धरून चालत येणारा त्याचा सोबती. चेन उतरली की हातातले काम टाकून काळे हात करून घेणारा शेतकरी. वळणावर मुले दिसताच वेग कमी करणारा एस.टी.चा चालक, उन्हात पाण्याचा गडवा पुढे करणारी म्हातारी, रस्त्यात पडलेली काट्याची फांदी पायाने बाजूला सारणारा गुराखी : यांच्या सौजन्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पण त्यांच्यामुळेच शाळेचा पट भरलेला राहतो. परिपाठात दिनविशेष सांगतो, त्याचप्रमाणे आठवड्यातून एकदा 'वाटेवर कोणी मदत केली?' एवढा प्रश्न विचारावा. मुले निरीक्षण करू लागतील, उपकार ओळखू लागतील आणि कालांतराने स्वतःही थांबू लागतील.

अपघात झाल्यास थांबण्याची मात्र मोठ्या माणसांनाही भीती वाटते. पोलीस-चौकशीचा ससेमिरा लागेल, अशी समजूत रूढ आहे. ती दूर करणे आपले काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घालण्यात आले. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक मुलास तोंडपाठ असावा.

शेवटी, सहज होण्यासारखी तीन कामे सुचवितो. पहिले, वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या वाटांचा नकाशा मुलांकडूनच काढवून घ्यावा व त्यात रपटे, वळणे, जंगलाचा भाग आणि आसऱ्याची घरे दाखवावीत. दुसरे, शाळेत हवेचा एक पंप व पंक्चर काढण्याचे साहित्य ठेवावे. गावातील सायकल-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास वर्षातून एकदा शिकविण्यास सन्मानाने बोलवावे. तिसरे, पाचवी ते सातवीच्या मुलींना शाळेच्या पटांगणात सायकल शिकवावी. आठवीत सायकल मिळणाऱ्या मुलीस ती चालविताच येत नसेल, तर ती सायकल भावाच्या हाती जाते आणि मुलगी घरी राहते.

पटावर आपण मुलाचे नाव लिहितो, जन्मतारीख लिहितो. तो वा ती कोणत्या वाटेने येते हेही आपणांस ठाऊक असले पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील सर्वांत दूरच्या मुलाबरोबर एकदा त्याच्या घरापर्यंत जावे, एवढी माझी विनंती आहे.