नांवाविना छायाचित्रें

रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. गोंड-माडियांचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचें चंद्रपूर, तेव्हां त्याच प्रांतांत होता. त्याचा पूर्वेकडील अरण्यभाग १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा झाला.

ग्रंथांतील गोंडांच्या प्रकरणांत नृत्याचा साज ल्यालेल्या माडियांचें एक छायाचित्र आहे. तें चटकन् डोळ्यांत भरतें; पण असा साज चढवून मोहाचीं फुलें वेंचावयास कोण जाईल? रोजच्या कष्टांची खूण दुसऱ्या चित्रांत सांपडते. बांबूच्या गाड्या घेऊन गोंड बाजारास आले आहेत, इतकेंच त्यांत आहे; म्हणूनच तें अधिक मोलाचें.

तिसऱ्या चित्रांतील स्त्रिया मात्र मनांतून जात नाहींत. पायांच्या मागील बाजूचें गोंदण दिसावें, एवढ्यासाठीं त्यांचें चित्र घेतलेलें. मरणानंतर दागिने इथेंच राहतात, गोंदण तेवढें बरोबर येतें, अशी गोंडांची समजूत. चित्राखालीं त्या गोंदणाचा उल्लेख आहे. स्त्रियांचीं नांवें नाहींत, गांवही नाहीं. त्यांच्या वंशांतील कोणी आज तें पान उघडलें, तरी आपली पणजी कोणती, हें त्याला कोण सांगणार?