पर्वतापलीकडचा संदेश



27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे याच दिल्लीतून पहिल्या शीख पलटणीचे जवान डाकोटा विमानांनी श्रीनगरला निघाले. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांना दिलेल्या आदेशात विमानतळाबरोबरच तेथील बिनतारी केंद्रही ताब्यात घेण्यास सांगितले होते. धावपट्टी आपल्या हाती आहे, हे दिल्लीला कळल्याखेरीज पुढच्या विमानांनी कशाच्या भरवशावर उतरावे?

दिल्ली आणि श्रीनगर यांच्यामध्ये पीर पंजाल उभा आहे. सरळ रेषेत जाणाऱ्या लहरी त्याला धडकून थांबतात. लघुलहरी मात्र आकाशात झेपावतात, आयनांबरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. हा आकाशीचा आरसा मोठा लहरी! सूर्य मावळला की तो बदलतो. दिवसा चालणारी उच्च कंप्रता रात्री निकामी ठरते आणि संदेशकाला खालची कंप्रता धरावी लागते. उपग्रहांच्या काळातही लष्करी वाहनांवर आणि जवानांच्या पाठीवर लघुलहरींचे संच असतात, कारण त्यांना मध्ये दुसऱ्या कोणत्याही केंद्राचा आधार लागत नाही.

राय बारामुल्ल्याच्या वाटेवर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. श्रीनगरच्या धावपट्टीवर दिल्लीची विमाने उतरतच राहिली.