अंगठा लावण्यापूर्वी



आपल्या सुलतानपूरच्या या वर्गात तुम्ही सही करायला शिकलात. पहिल्या दिवशी वहीवर अंगठे होते, आज नावे आहेत. आम्हाला याचा फार आनंद वाटतो. पण आज आम्ही अंगठ्याबद्दलच बोलणार आहोत. कारण कागदावरचा अंगठा सुटला, तरी यंत्रावरचा सुटलेला नाही.

पूर्वी सावकार कागद लिही आणि कुणबी न वाचता त्यावर निशाणी करी. त्यात किती जणांची जमीन गेली! 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. पुढे 1879 साली सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. आता कागदाच्या जागी यंत्र आले आहे. यंत्र जाळून भागणार नाही. ते समजून घेतले पाहिजे.

महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. 2005 साली तसा कायदा देशभर झाला. मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळावी, असे त्यात लिहिले होते. मग 1 जानेवारी 2023 पासून या कामांवर मोबाइलने दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावायचे ठरले. 1 जानेवारी 2024 पासून मजुरी आधारला जोडलेल्या खात्यात देणे सक्तीचे झाले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात 125 दिवसांच्या कामाची हमी आहे.

यंत्राचा फायदा नाही असे नाही. पैसे सरळ खात्यात येतात, मधले हात कमी होतात. पण रेंज नसली आणि फोटो गेला नाही, तर दिवसभर माती उपसूनही हजेरी बुडते. आधारवरचे नाव आणि यादीतले नाव जुळले नाही, तर मजुरी अडकते. म्हणून दोन्हीकडचे आपले नाव अक्षर न् अक्षर वाचून पाहा.

आता दुसरी गोष्ट. समजा, एक मावशी पैसे काढायला केंद्रावर गेली. केंद्रवाला म्हणाला, "मावशी, अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा लावा." मावशीने लावला. हातात हजार रुपये आले, पण खात्यातून दोन हजार गेले! सगळे केंद्रवाले असे नसतात. पण विचारायला लाज कसली? पैसा आपल्या घामाचा आहे.

म्हणून एवढे करा. अंगठा लावण्यापूर्वी यंत्रावरची रक्कम वाचा. दर वेळी पावती मागा. "अंगठा उमटला नाही" म्हटले, तर त्याचीही पावती मागा. पासबुक भरून घ्या. आधारची झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली, ते तिच्यावर लिहा आणि तारीख घाला. मोबाइलवर आलेला आकडा कोणालाही सांगू नका.

तरीही पैसे गेले, तर रडत बसू नका. तीन दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. 1930 या नंबरवर तक्रार करा. आपल्या बोटांच्या ठशांना कुलूपही लावता येते. मग आपण उघडल्याशिवाय त्या ठशांवर पैसे निघत नाहीत. त्याची माहिती आधारच्या 1947 या नंबरवर मिळते. देश स्वतंत्र झाला ते साल, म्हणजे विसरायला नको!

कोणी म्हणेल, "आमच्या ठशाचे, फोटोचे एवढे काय?" पण 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. आपले खाजगी जीवन जपणे हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. हा हक्क बंगल्यातल्या माणसाला आहे, तसाच मातीकाम करणाऱ्या बाईलाही आहे.

तेव्हा "माझा फोटो कशाला? माझा अंगठा कशाला?" असे विचारायला भिऊ नका. तुम्ही अक्षरे शिकलात ती यासाठीच. आधी वाचा, मग विचारा, आणि मगच अंगठा लावा.