श्रवणातून शिक्षण : वर्गातील पॉडकास्ट आणि मराठवाड्याची स्मृती



नांदेडच्या गोदातीरावर शब्दाचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. १७०८ साली याच नगरीत श्री गुरु गोविंदसिंहजींनी श्री गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात संत नामदेवांचीही पदे आहेत आणि ती आजही कीर्तनातून भाविकांच्या कानी पडतात. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही आपल्या परंपरेने सांगितलेली ज्ञानाची वाट आहे. तिची पहिली पायरी श्रवणाची. आजच्या वर्गात नेमकी हीच पायरी झिजली आहे.

पॉडकास्ट म्हणजे हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. हा शब्द २००४ साली प्रचारात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सुमारे सोळाशे विद्यार्थ्यांना आयपॉड देऊन अध्यापनात ध्वनिमुद्रणाचा प्रयोग केला. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत केंद्र शासनाने ‘पीएम ई-विद्या’ योजना जाहीर केली, तेव्हा रेडिओबरोबर ‘शिक्षा वाणी’ या पॉडकास्टचाही तीत समावेश होता.

परंतु साधन हाती आले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. तासभराचे व्याख्यान लावून शिक्षक बाजूला बसले, तर मुले पेंगतील. आठ-दहा मिनिटांचा भाग पुरेसा असतो. ऐकण्यापूर्वी फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत, मध्ये एकदा थांबवून पुढे काय घडेल ते विचारावे आणि शेवटी मुलांनी ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे. घरी लमाणी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलाला तोच भाग पुन्हा ऐकता येतो, हा मोठा लाभ आहे.

याहून महत्त्वाचे काम दुसरेच आहे. ते म्हणजे मुलांनी स्वतः ध्वनिमुद्रण करण्याचे. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. रझाकारांच्या भीतीने गाव सोडल्याच्या, रात्री शेतात लपल्याच्या आठवणी त्यांच्याचपाशी आहेत. १९४६ साली बलिदान देणारे हुतात्मा गोविंदराव पानसरे पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत भेटतील; त्या काळी गावागावांत पसरलेली दहशत मात्र एखाद्या आजीच्या बोलीतच कळेल. तो आवाज मावळला की पुन्हा मिळणार नाही.

लातूर जिल्ह्याला दुसरीही एक आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्या ढिगाऱ्यांतून उभे राहिलेले स्त्री-पुरुष आज आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याची वेळ हीच आहे.

यासाठी स्टुडिओ लागत नाही. एक मोबाईल, दारे-खिडक्या लावलेली खोली आणि आधी लिहून काढलेले पाच प्रश्न पुरतात. सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, दुखऱ्या आठवणीसाठी आग्रह धरू नये. सांगितलेल्या तारखा मुलांनी ग्रंथांशी ताडून पाहाव्यात. स्मृती आणि इतिहास यांतील भेद त्यांना इथेच कळेल आणि कोणाविषयी द्वेष न बाळगता सत्य सांगण्याचा संस्कारही होईल.

गुणांच्या स्पर्धेत ‘लातूर पॅटर्न’ने नाव कमावले. पण ज्याला आजोबांचे बोलणे शांतपणे ऐकता येत नाही, त्याचे शिक्षण अपुरेच होय. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे सेनानी झाले. त्यांच्या भूमीतील शिक्षकांनी येत्या १७ सप्टेंबरपूर्वी प्रत्येक शाळेतून निदान एका वृद्धाचा आवाज जतन करावा. ध्वजवंदनानंतर तो वर्गात ऐकवावा. मुक्तिदिन त्या दिवशी मुलांना खऱ्या अर्थाने कळेल.