फुफ्फुसातल्या बारीक गाठी

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘फुफ्फुसात बारीक गाठी’ वाचलं की आपल्याकडं रडारड सुरू होते. पण गाठ म्हणजे कॅन्सरच, असं नाही. 6 मिलिमीटरपेक्षा लहान, तुरीच्या दाण्याहून बारीक गाठी बहुतेकदा जुन्या टीबीचे किंवा संसर्गाचे वण असतात. मात्र आधी कुठलाही कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना सांगायचंच. 2 आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजनात घट असेल तर बेडका तपासून घ्यायचा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. गाठ वाढते का, हे जुन्या फिल्मशी ताडून कळतं. म्हणून फिल्म सातबाऱ्यासारखी जपू. नांदेडला विष्णुपुरीची किंवा लातूरच्या मेडिकलची तारीख सुगीतही चुकवायची नाही. गटातली एकजण सोबत जाऊ.