रबरी होडीत हवा कशाने भरावी?



आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. दारव्ह्याला समुद्र नाही. मग रबरी होडी अन् तिच्या पंपाची उठाठेव कशाला? पण बोरीअरबला अडाण नदी फुगली म्हणजे काय होते, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, जुलै २०२३ मध्ये आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. हेलिकॉप्टर काही दर गावाला मिळत नाही. घडी करून टेंपोत टाकता येईल अशी रबरी होडी मात्र जवळपास ठेवता येते. फक्त घडीतली होडी म्हणजे नुसते कापडाचे गाठोडे. तिची होडी होते ती हवेने. ती हवा विजेच्या पंपाने भरावी की पायाच्या, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सायकलचा पंप इथे कामाचा नाही. सायकलच्या चाकात हवा थोडी, पण दाब मोठा, सुमारे तीन बार. होडीचे उलटे आहे. तिला दाब लागतो जेमतेम पाव बार, पण हवा लागते पिंपांच्या हिशेबाने. म्हणून तिचा पंप लोहाराच्या भात्यासारखा असतो. पायाने दाबायचा, सोडला की पुन्हा फुगतो.

शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. दोन-तीन माणसांच्या होडीच्या नळ्यांत सुमारे ६०० लिटर जागा धरा. पाव बार जादा दाबासाठी बाहेरची ७५० लिटर हवा आत कोंबावी लागते. भाता एका दाबात पाच लिटर देत असेल तर झाले दीडशे दाब. दोन गडी आळीपाळीने लागले तर दहा मिनिटांचे काम. विजेचा पंप तेच चार-पाच मिनिटांत करील. वाचली किती? पाच मिनिटे! एवढ्यासाठी लहान होडीला विजेचा पंप घ्यावा, असे मला वाटत नाही.

मोठ्या होडीची गोष्ट वेगळी. बारा-तेरा फुटी होडीत दीड हजार लिटर जागा असते. तिथे दाब जातात पावणेचारशेवर. बरे, ज्या पायांनी भाता दाबायचा त्याच माणसांना पुढे पुराच्या धारेत वल्ही मारायची असतात. पोटऱ्या काठावरच भरून आल्या तर पुढे काय? अशा होडीला विजेचा पंप घ्यावाच.

एका शेतकरीदादाने मला लगेच विचारले, “अन् लाइन गेली तं काय करसान?” प्रश्न अगदी बरोबर आहे. पूर येतो त्या रात्री वीज बहुधा गेलेलीच असते. शिवाय घरच्या २३० व्होल्टची तार ओल्या काठावर नेणे म्हणजे मरण ओढवून घेणे. म्हणून पंप घ्यायचा तो १२ व्होल्टचा, जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा. तो वीज सपाटून ओढतो, तेव्हा इंजिन चालू ठेवावे. अन् जीपच काठापर्यंत पोचली नाही तर? चिखलात रुतली तर? म्हणून विजेचा पंप असला तरी भाता सोबत हवाच.

आणखी एक मेख आहे. विजेचे कित्येक पंप भराभर हवा भरतात, पण शेवटचा दाब देऊ शकत नाहीत. नळी फुगलेली दिसते, पण बोटाने दाबली की खळगा पडतो. अशी मऊ होडी माणसे बसली की मधोमध वाकते. शेवटचे पन्नास-साठ दाब पायानेच द्यावे लागतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मात्र होडी भरू नका. त्याचा जोर चाकासाठी असतो. होडीचे सांधे उसवतील.

होडीत दोन-तीन वेगळे कप्पे असतात. एक कप्पा टणक करून मग दुसऱ्याकडे वळू नये. मधल्या पडद्यावर ताण येतो. सगळे आधी अर्धे भरावेत, मग पुरे. आणि आपल्याकडचे ऊन विसरू नका. सकाळी २५ अंशांवर पाव बार भरलेली होडी दुपारी ४५ अंशांवर तापली की दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढतो. उन्हात ठेवायची तर थोडी हवा सोडावी. गार पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पाहावी.

पंप कोणताही घ्या, दुकानातच त्याची तोटी आपल्या होडीच्या व्हॉल्व्हला बसवून पाहा. दर होडीचा व्हॉल्व्ह निराळा असतो, आणि रात्री अंधारात तोटी बसत नाही म्हणून चिंधी गुंडाळत बसणे फार वाईट. मृगाआधी एके दिवशी होडी शाळेच्या पटांगणात आणा, विजेचा पंप बाजूला ठेवा आणि भात्याने ती पूर्ण भरा. दाब किती लागले ते पोरांना मोजू द्या. तो आकडा खडूने नाही, पक्क्या रंगाने होडीच्या पिशवीवर लिहून ठेवा.