शिकाऊ डॉक्टरची वही



मुंबईत अंधेरीच्या लगत, विलेपार्ल्याला, कूपर रुग्णालय आहे. 2015 पासून त्याला जोडून महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय चालते.

देशभर 2019 साली नवा वैद्यकीय अभ्यासक्रम आला, आणि तेथील विद्यार्थ्याच्याही हाती नोंदवही आली.

कोणते कौशल्य केव्हा केले, कोणाच्या देखरेखीखाली केले, याची तीत दप्तरी नोंद होते; खाली अध्यापकांची सही होते.

हे आवश्यकच आहे. परंतु काय केले एवढेच नव्हे, काय शिकलो, तेही लिहावे.

समजा, बाह्यरुग्ण विभागात एका मातेला बाळाच्या औषधाची मात्रा सांगितली, तिने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा उमगले की, आपले शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

ही घटना सहीच्या रकान्यात मावत नाही.

म्हणूनच याच अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात अनुभवावर चिंतन लिहिणे अपेक्षित आहे. मला तर नोंदवहीचा खरा प्राण तेथेच दिसतो.

तरुण मित्रांनो, त्याच रात्री तीन-चार ओळी लिहा. काय घडले? मी कोठे चुकलो? उद्या काय निराळे करीन?

पुन्हा सांगतो: काय केले, आणि काय शिकलो, दोन्ही लिहा.

मात्र रुग्णाचे नाव, पत्ता वा केसपेपरचा क्रमांक या वहीत कदापि उतरवू नका.

आंतरवासितेच्या वर्षातही ही वही चालू ठेवा, आणि महिनाअखेरीस ती घेऊन आपल्या अध्यापकांसमोर बसा.